फळ्यावरचे दोन रकाने

सूरच्या शाळेत चौथा तास.
बाहेर पारा सत्तेचाळीस,
आत ए.सी.चं पाणी निळ्या बादलीत टपटपतंय.
फळ्याच्या मधोमध पट्टी धरून मी रेघ मारते :
डावीकडे ज्ञानोदय, उजवीकडे स्वच्छंदतावाद.
फरक स्पष्ट करा. पाच गुण.

डावीकडे दिवा, घड्याळ, दुर्बीण,
झाडापाल्याला लॅटिन नावं देत हिंडणारे लोक,
आणि राजालाही ‘का?’ विचारणारी कॉफीची दुकानं.
“कॉफी त्यांना कुणी दिली, मिस?” मुंधिर विचारतो.
तुझ्या आजीच्या दल्ल्यातून गेली असेल, मी म्हणते.
वर्ग हसतो. हे कुणी उतरवून घेत नाही.

उजवीकडे वादळ, चंद्र, पडकं चर्च,
गिरण्यांच्या धुराला विटून
ओढ्याशी बोलत बसलेली तरुण मंडळी.

रेघ सरळ आली आहे.
तेवढ्यात नीहाला हात वर करते :
“माझे उप्पा कुठल्या रकान्यात?”

मी बार्शीची. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो विमानातून.
संध्याकाळी वाट विचारत जहाजांच्या कारखान्यात जाते.
सागवानाचा भुसा घामाला चिकटतो.
कुन्हाली उकिडवा बसलाय, कानामागे पेन्सिल,
समोर पोट उघडं पडलेलं जहाज, नुसत्या फासळ्या.
नकाशा कुठाय?
तो कपाळावर बोट ठेवतो.
“पहले दिखता है,” तो म्हणतो,
“फिर दोरी झूठ पकडती है.”
आणि दोरी चुकली तर?
तो हसतो, चहा मागवतो, उत्तर देत नाही.

परतताना खाडीच्या कडेने चालले.
पुस्तकात नाही ते आठवत राहिलं :
त्याच दिव्याच्या उजेडात कुणीतरी
माणसं भरलेल्या जहाजांचे हिशेब लिहिले,
सुवाच्य अक्षरात, बेरजा अचूक.
(या बंदरालाही त्या बेरजा ठाऊक आहेत.)
आणि ओढ्याकाठच्या गाण्यांतली माती
पुढे कुणीतरी झेंड्यावर चढवली,
दुसऱ्याच्या मातीवर चालून जायला.
तरी दिवा नको असं म्हणवत नाही.
गाणं नको असंही.
अंधार पडला तसा दीपगृहाचा झोत फिरू लागला,
पाण्यावर जरा वेळ, मग माझ्यावर, मग पाण्यावर.

सहामाहीचे पेपर.
बत्तीस जणांनी रकाने आखलेत,
पाच इकडे, पाच तिकडे, घोकलेले.
नीहालाने चारच मुद्दे लिहिलेत,
आणि मधल्या रेघेवर, अगदी बारीक :
ही दोरी आहे.

उत्तरसूचीत असं काही नाही.
मी अर्धा गुण कापते,
मग शेजारी लाल शाईने
‘का?’
असं लिहिते,
आणि हे तिला विचारलंय की स्वतःला
ते न ठरवताच गठ्ठा बांधते.