किरकोळ दुरुस्त्या

दर अपडेटला तेच वाक्य लिहिते मी:
'किरकोळ दोष दूर केले, वेग वाढवला.'
कुणी वाचत नाही ते. वाचू नये म्हणूनच असतं.

अक्रा, ओसूचा भाग. खाली केंकेवालीचं चुलाण,
वर आमची खोली: दोन टेबलं, एक पंखा,
आणि वीज गेली की सेलॉर्मची शिवी,
नेहमी तीच, नेहमी वेळेवर.

आमचा खेळ ओवारे.
बारा खळगे, प्रत्येकात चार बिया,
बिया म्हणजे सागरगोटेच, राखी, गुळगुळीत.
मुठीतून सुटताना त्यांचा जो आवाज होतो
तो पकडायला मी तीन दुपारी घालवल्या,
मग फाइल दाबून दाबून निम्मी केली,
कारण एकेक एमबी कुणाच्या तरी खिशातून जातो.
तिकडे उत्तरेत, बोल्गाटांगाला,
लोक अपडेटचा आकडा बघतात
आणि फोन उलटा ठेवून देतात.

दोन पूर्णांक शून्यमध्ये मी यंत्राचा मेंदू नव्याने लिहिला.
पूर्वी चाल सुचायला त्याला वेळ लागायचा,
आता पापणी लवायच्या आत पेरून मोकळं.
सेलॉर्मने त्या रात्री माल्टच्या बाटल्या आणल्या,
गार नव्हत्या, तरी प्यायलो.

मग आलेख बसला.
सहाशे अकरा फोन जुन्या आवृत्तीवर परत गेले,
कुठून कुठून जुनी फाइल मिळवून,
ब्लूटूथने एकमेकांना देत,
बंदी घातलेल्या पत्रकासारखी.

म्हणून कोफोरिदुआला गेले. गुरुवार, मण्यांचा बाजार.
वोफा न्तोव तिथे माळा ओवत बसतो,
मांडीवर रुमाल, रुमालावर काच तडकलेला फोन.
म्हणाला, तुझं यंत्र उद्धट झालंय.
म्हणजे? फार हरवतं का?
हरवू दे की. हरायला मी काय नवा आहे?
पण मी डोकं खाजवून खाजवून एक चाल करतो,
आणि माझं बोट उचललं जायच्या आत त्याचं उत्तर!
म्हणजे माझ्या चालीकडे त्याने पाहिलंच नाही.
समोर बसलेल्याचा थोडा विचार करावा, पोरी.
करायचा नसला तर केल्यासारखं दाखवावं.

एवढं बोलून त्याने निळा मणी उचलला,
भोक उजेडाकडे धरलं, दोरी ओली केली, घातला.
मी मनात मोजलं.

परतीच्या ट्रोट्रोत गुडघ्यांवर लॅपटॉप,
शेजारणीच्या टोपलीतला सुका मासा माझ्या कोपराला टोचत होता,
आणि मी कोडमध्ये एकच शब्द घातला: थांब.
किती?
सातशे मिलिसेकंद, तर शहाणपणा वाटे.
तीन सेकंद, तर डुलकी.
शेवटी लिहिलं, एक मणी.
चाल अवघड असेल तर दोन.
यंत्र हरायला आलं असेल तर तीन,
तेवढं तर माणूसही घुटमळतो.

ओवारेत एक नियम आहे,
समोरच्याची बाजू साफ रिकामी पडली
तर बी त्याच्यापर्यंत पोचेल अशीच चाल करायची.
तुम्ही जिंकत असलात तरी.
लहानपणी या नियमावरून मी पट उधळला होता एकदा.

सेलॉर्म ऐकेना.
वेगाची चाचणी लाल झाली, म्हणाला. मुद्दाम हळू?
अगं, यालाच तर आपण दोष म्हणतो.
बरं, नोंदीत काय लिहिणार आहेस?
मी सांगणार होते, तेवढ्यात वीज गेली,
शिवी आली,
खालून केंकेवाली कुणाला तरी कंदील मागू लागली.

बॅटरी नऊ टक्के.
काळोखात मी टंकू लागले,
'किरकोळ दोष दूर केले, वेग'

आणि त्यापुढे कर्सर लुकलुकत राहिला,
एक मणी,
दुसरा.