क्रियापद यायचं आहे

एगिदिओ वास्कोत्तो, वय एक्याऐंशी, निवृत्त कस्टम अधिकारी,
खोली नंबर नऊ. डावा डोळा गेलेला, उजवा जायच्या बेतात.
पहिल्याच रात्री औषधांच्या ट्रेवर पुस्तक ठेवून म्हणाले, वाच.
मी म्हटलं, मी नर्स आहे.
म्हणाले, म्हणूनच. प्राध्यापक समजावत बसतात.

त्रिएस्तेत घरोघरी असतं म्हणे हे पुस्तक,
आणि खुणेची फीत सगळीकडे पान चाळिसाच्या आसपास.

सातशे बारा पानं.
एक माणूस पत्र टाकायला घरातून निघतो.
पान साठ. तो अजून जिन्यात आहे.
कठड्याला हात लागलाय, त्या लाकडावरून जंगल,
जंगलावरून कुणाची तरी आत्या, आत्येवरून मीठ,
मिठावरून एक खटला,
जो कुणी कुणावर भरला ते मला आजही माहीत नाही.
पूर्णविराम औषधालाही नाही.
स्वल्पविराम मात्र मुंग्यांसारखे, ओळीनं,
काहीतरी वाहून नेणारे. काय, ते दिसत नाही.

पहिले आठ दिवस मला ओ की ठो कळलं नाही.
वाक्याची शेपटी धरावी तर तोंड निसटायचं,
तोंड धरावं तर शेपटी. ओला वाम मासा नुसता.

याच्याशी चार वेळा हरलोय मी, ते म्हणाले.
एकदा लष्करात. एकदा लग्नानंतर.
एकदा बंदरातल्या संपात, जहाजं नुसती उभी,
हाताला काम नाही, तरी नव्वदच्या पुढे सरकलो नाही.
आणि चौथ्यांदा?
वाच तू.

मग बोरा सुटला. गल्लीतल्या स्कूटर आडव्या,
खिडक्यांची झडपं रात्रभर बडवत होती कुणाला तरी,
आणि खोलीत ऑक्सिजनचं यंत्र, त्याचं त्याचं, सुस्कारत.
तेव्हा सुचलं, यंत्र थांबेल तिथं थांबावं.
अर्थापाशी नाही, श्वासापाशी.
वाक्य चालायला लागलं.
वास्कोत्तोंनी डोळे मिटले, पण झोपले नाहीत.

पान एकशे चौदावर मला आई भेटली.
म्हणजे आई नव्हे, कुणी एक बाई,
भांडी घासता घासता तीन भाषांत पुटपुटणारी,
एकीत सुरुवात, दुसरीत शिवी, तिसरीत देवाचं नाव,
आणि क्रियापद गिळलेलं.
डोंगरावरच्या आमच्या घरात आई अशीच बोलायची :
तुझ्या बापानं त्या दिवशी, स्टेशनासमोर, त्या लाल कोटवालीला
आणि पुढचं नळाच्या धारेत.
पाहिलं, हाक मारली, पैसे दिले, सोडलं,
मला बेचाळिसावं लागलं तरी ठाऊक नाही.

का थांबलीस, निवेस? अवघड आहे?
नाही म्हटलं. सोपं आहे.

त्या रात्री पुस्तक पॅन्ट्रीत नेऊन
मी चोरून वीस पानं पुढे गेले.
दुसऱ्या दिवशी तीच पानं पहिल्यांदा वाचल्यासारखी वाचली.
पुढचं वाचलंयस तू, ते म्हणाले.
छे.
बत्तीस वर्षं लोकांच्या पेट्या उघडल्यात मी, पोरी.

मार्चमध्ये उदिनेहून मुलगी आली न्यायला.
पुस्तक खोक्यात गेलं, चपला आणि दाढीच्या ब्रशाच्या मध्ये.
पान तीनशे अठ्ठ्याऐंशी. तो माणूस ट्रामच्या रुळांपाशी,
समोर टपालपेटी, हात उचललेला.
पेशंटच्या वस्तू मागायच्या नसतात, असा नियम आहे.
दुकानात मिळतं, तेवीस युरोला. दोनदा हातात घेतलं.
दोनदा परत ठेवलं.

नाइट संपली की थेट घरी जात नाही हल्ली.
धक्क्याच्या टोकापर्यंत चालते.
वारा पडलेला, पाणी काचेसारखं,
कुणीतरी आजोबा गळ टाकून माझ्याकडे पाठ करून.
उदिनेत आता कोण, कुठल्या श्वासाला थांबून,
तो माणूस रुळांच्या अलीकडे, पत्र हातात,
आई नळाशी, बाप लाल कोटासमोर,
वास्कोत्तो गाडीच्या मागच्या काचेतून मान वळवून
एका जात्या डोळ्यानं मला काहीतरी,
आणि मी इथे, ओल्या दगडावर, पहाटेची,