चार बोटं

आर्वीच्या स्टँडमागे, झेरॉक्सच्या दुकानावर, पत्र्याखाली
टेंभरीचं वाचनालय मी उभं केलं
अकरा दिवसांत, विटेला हात न लावता.

भिंतींना खडबड दिली. काचांत ढग दिले.
झाडांच्या यादीत कडुनिंब नव्हता,
ताडासारखं काहीतरी होतं, ते लावलं.
माणसांच्या यादीतून एक बाई घेतली,
कोट घातलेली, सोबत फुगा धरलेलं लेकरू.
रात्रभर यंत्र तापलं,
सकाळी चित्र निघालं
इतकं खरं, की मालक म्हणाला,
बोट लावून पाहावंसं वाटते.

कवडू मिस्त्रीनं बोट लावलं नाही.
तंबाखू मळत लांबूनच पाहिलं.
"ऊन कोणीकून येऊन राह्यलं इथं?"
मी म्हटलं, इकडून.
"म्हणजे उत्तरेकून. बरं."
मग बऱ्याच वेळानं:
"जमीन कोणती हाय, ठावं हाय का तुले?"

काळी. कापसाची.
उन्हाळ्यात फाटते, पाय जाईल एवढी,
पावसात फुगते, आणि वरचं सगळं
थोडं उचलून परत ठेवते,
होतं तसं नाही ठेवत.
"पाया कितीही खोल घे पोरी,
खिडकीच्या या कोपऱ्यातून निघते, अन् अशी तिरपी जाते."
आणि माझ्या पडद्यावर
नखानं एक रेघ ओढली.

तो गेल्यावर ती रेघ मी काढली.
केसाएवढी, कोपऱ्याशी जराशी रुंद.
आणि काय सांगू,
अकरा दिवस जे नुसतं दिसत होतं
ते वजनानं खाली बसलं.
भिंतीला मागची बाजू आली.
मला वाटलं, आत कोणीतरी खुर्ची सरकवली.

रंजूताई ढोणे, सरपंच, म्हणाल्या,
"हे काय सांडलं चित्रावर?"
पुसली.
फ्लेक्स लागला पंचायतीसमोर,
गुळगुळीत, कोटवाल्या बाईसकट.

तिसऱ्या उन्हाळ्यात गेले मी टेंभरीला.
दोन कपाटं, एक कुलूप,
पायरीवर वाळत घातलेल्या कुरड्या.
फ्लेक्स बोरकुट्यांच्या गोठ्यावर अंथरलेला,
ढग खाली, बाई उलटी, उन्हानं निळी पडलेली.

कवडू मिस्त्री माझ्याआधीच खिडकीपाशी उभा.
तडा होता. तिरपाच.
पण कोपऱ्यापासून सरकून.
त्यानं हात आडवा लावून मोजलं,
"चार बोटं चुकलो," म्हणाला,
आणि कोणावर तरी रागावल्यासारखा
तंबाखू थुंकायला
भिंतीपासून खूप दूर गेला.