चालु

कन्ना चौकातून आत वळलं की गल्ली नऊ फूट.
त्यातलं एक फूट गटाराचं, एक पायऱ्यांचं,
पायऱ्यांवर मांडीत सुपं घेतलेल्या बायका.
ट्रॅक्टर आला तरी पानं कापणारी कात्री थांबत नाही,
फक्त पाय वर घेतात.

पुढून घुसलं तर परत निघायला जागा नाही,
म्हणून आधीच उलटं जायचं, पाच हजार लिटर घेऊन.
दोन चाकांचा टँकर, एका पिनवर लोंबकळलेला,
आणि तो माझं ऐकत नाही.
मी उजवीकडं फिरवतो, तो डावीकडं जातो.
जरा जास्त फिरवलं की अडकित्त्यासारखा मिटतो
आणि मधली सुपारी म्हणजे माझं मडगार्ड.

कासीमचाचा मुजावर तंबाखू मळत शिकवायचे:
"वरनं धरू नको लेका, खालनं धर स्टेरिंग,
घड्याळात सहा वाजत्यात तिथं.
शेपूट जिकडं पाहिजे, हात तिकडं.
आन् हळू. वरातीतल्या घोड्यागत."
गड्ड्याची जत्रा उठून गेलेली,
होम मैदानावर पाळण्यांचे खड्डे अजून उघडे,
तिथं दोन विटांच्या मधून
मी महिनाभर उलटा जात होतो.
फुटलेल्या विटा अकरा.
चाचांनी मोजल्या, मी नाही.

पण मैदानात कोणी ओरडत नाही. गल्लीत सगळे ओरडतात.

एप्रिल होता. पाचव्या दिवशी येणारं नळाचं पाणी
नववा दिवस उजाडला तरी आलं नव्हतं.
घागरी माझ्याआधी रांगेत उभ्या.
मागं बघायला माझ्याबरोबर पोरगं नव्हतं,
म्हणून गल्लीतलेच राजय्या सामलेटी पुढं झाले,
म्हणजे मागं झाले.
चाळीस वर्षं मागाच्या खटखटीत घालवलेला माणूस,
स्वतःचा आवाज स्वतःला ऐकू यायचा तर ओरडावंच लागायचं.
आरशात त्यांचा फक्त एक हात दिसत होता, कोपरापर्यंत.

"रानी! रानी! रानी!"
वाटलं, कुठल्यातरी राणीला हाक चाललीय.
हात बोलावत होता, मी येत राहिलो.
मग हात आरशातून गेला.
नुसता आवाज: "चालु!"
मी चालू ठेवलं.
"चालु! चालु!"
एवढा हुरूप बघून मी पायही जरा दाबला.

सत्तम्मा म्याकलच्या तिसऱ्या पायरीचा कोपरा,
सकाळी काढलेल्या मुग्गूचे डावीकडचे ठिपके,
आणि पाण्याची वाट बघत असलेली निळी टाकी.
टाकीचा आवाज सगळ्यात मोठा आला,
रिकामी होती ना.

मग कळलं की त्यांच्या घरी चालु म्हणजे पुरे.
म्हणजे बास. म्हणजे थांब की रे बाबा.
ऱ्हस्व असतो म्हणे त्यांचा उकार,
डिझेलच्या धडधडीत कोण ऱ्हस्व आणि कोण दीर्घ.

राजय्या डोक्याला हात लावून गटारावर बसले.
मला वाटलं आता मार.
सत्तम्मानं पायरी बघितली, टाकी बघितली,
सुपातली विडी पुरी वळली, दोरा बांधला,
आणि म्हणाली, "आधी पानी तर सोड."

रविवारी अर्धं पोतं सिमेंट घेऊन गेलो.
कोपरा नीट जमला नाही, थोडा फुगलाय.
आता मागचं चाक त्या फुगवट्याला जरा घासलं
की समजतो, आलो.

पुढच्या गल्लीत कन्नड. तिथं बरली म्हणतात, साकु म्हणतात.
ते मी आधीच विचारून ठेवलं.
राजय्या अजून मागं उभे राहतात,
पण आता "चालु"च्या आधी टँकरच्या पत्र्यावर
थाप मारतात, दोनदा.

काल रात्री बायको भात वाढत होती.
मी म्हणालो, चालु.
ती वाढतच राहिली.