जांभई

बाबांचा डावा हात दोन वर्षं मेलेला आहे.
उशीवर ठेवला तर उशीवर,
मांडीवर ठेवला तर मांडीवर,
ओल्या दोरासारखा.
निवतीच्या वाळूत रापण ओढताना पुढचा दोर त्याचा असे,
हे आता त्यालाही आठवत नसेल.

फक्त जांभई आली की तो उठतो.
आधी खांदा, मग कोपर,
मग पाची बोटं उघडत, सावकाश,
कानाच्या उंचीपर्यंत.
जांभई मिटते. हात पडतो.
बाबा त्याच्याकडे बघतात,
शेजाऱ्यांचं मूल न विचारता घरात शिरावं तसं.

पहिल्यांदा झालं तेव्हा आई
मासळीचे हात न धुताच धावली,
वेतोबाला चपलांचा जोड बोलली.
कुडाळच्या डॉक्टरांनी टॉर्च मारून पाहिलं, म्हणाले,
ह्याला काही अर्थ नाही.
मेंदूतला मोठा रस्ता बंद पडलाय,
खालून एखादी जुनी पायवाट उरली असेल,
जांभई तिथून जाते, जाता जाता हाताला ओढते.
इच्छेचा संबंध नाही.
आईने विचारलं, मगे हात कोणाचो?
डॉक्टर गोळ्या लिहीत होते.

मी बर्फाच्या कारखान्यात हिशेब लिहिते.
अर्थ नसलेल्या हालचाली मी रोज बघते.
कुर्लीचा तोडलेला डेंगा बादलीत बोट धरतो.
मोरीच्या तुकडीला मीठ लागलं की ती थरथरते.
डोकं वेगळं झालं तरी सौंदाळ्याचा कल्ला
उघडतो, मिटतो,
आणि आपण म्हणतो, ताजो आसा.
देवळात पाषाणाला ओल्या कळ्या लावतात,
एक सुटते, उजवीकडे पडते,
आणि दोन भावांमधला बांध ठरतो.
कळीला काय ठाऊक.

भालू मस्कतला परत निघाला त्या पहाटे
बाबा पडवीत खुर्चीवर होते.
होडीचं इंजिन विकल्यापासून
दोघांत सहा वर्षं शब्द नव्हता.
ह्या दहा दिवसांच्या सुट्टीतही नाही.
त्याने बॅग उचलली, पायऱ्या उतरला,
माडाच्या आळ्यापर्यंत गेला आणि वळला.
का वळला, ते त्यालाही सांगता येणार नाही.
बाबा रात्रभर झोपले नव्हते.
जांभई आली.

खांदा. कोपर. बोटं.

भालूने बॅग खाली ठेवली,
तोंड उघडं टाकून रडला,
आणि हात हलवत राहिला,
बाबांचा केव्हाच पडला होता तरी.

आई काही बोलली नाही. मी बोलले नाही.
बाबांची जीभ शाबूत आहे, जराशी जड.
तेही बोलले नाहीत.
कोपऱ्यावर एसटीने हॉर्न दिला.

भालू फोनवर अजून विचारतो,
बाबांनी त्या दिवशी हात केल्यानी, बघलंस मा?
मी म्हणते, बघलंय.
हे खोटं नाही.
खरं आहे का, तेवढं विचारू नका.

कधी कधी रात्री, आई झोपल्यावर,
मी त्यांच्या खाटेशी जमिनीवर बसते
आणि मुद्दाम जांभई देते.
खोटीच सुरू करते,
पण अर्ध्यावर ती खरी होते,
जबडा माझं ऐकत नाही, डोळ्यांत पाणी येतं,
आणि वर खाटेवर बाबांना लागण होते.

तेव्हा मी थोडी पुढे सरकते.

हात उठतो, पडतो,
आणि माझ्या केसांत अडकतो.
जा गो, नीज आता, बाबा म्हणतात.
तो हात सोडवायला
त्यांना उजवा हात लागतो.

उजवा धडधाकट आहे, सांगितलेलं सगळं ऐकतो.
ते त्याला लगेच सांगत नाहीत.