टपालाचा काटा

पोस्ट बंद झालं तेव्हा काटा कुणीच मागितला नाही.
मी घरी आणला.
एकतीस वर्षं त्यावर लोकांची पार्सलं तोलली,
आता स्वयंपाकघरात त्याच्यावर माझे मोजे आहेत.
लोकरीचे, एक जोड : ब्याऐंशी ग्रॅम.

रिकामी सॅक नऊशे चाळीस.
झोपायची पिशवी अकराशे पाच,
उन्हात टाकली तरी तिचा कापराचा वास जात नाही.
टूथब्रशचा दांडा करवतीनं अर्धा कापला,
चार ग्रॅम वाचले.
शेजारची व्लास्ता दारातून बघत होती.
"चार ग्रॅमसाठी एवढी खटपट?
त्यापेक्षा चॉकलेटचा एक तुकडा कमी खा की."
तिला काय सांगू?
मी डोंगराला भीत नाही, गुडघ्याला भिते.
डाव्या. तळघराचा जिना उतरतानाही
तो जुन्या बिजागरीसारखा बोलतो.

नकाशा टेबलावर मावत नाही,
एक टोक ब्रेडच्या डब्यावर चढतं.
मारिबोरहून निघायचं, पोहोर्येच्या जंगलातून वर,
मग उघडे कडे, लोखंडी दोर, त्रिग्लावची मान,
आणि शेवटी अंकारनला
बूट काढून समुद्रात पाय.
सहाशे किलोमीटर, म्हणतात.
मी दोऱ्यानं मोजले तर पाचशेच भरले.
उरलेले शंभर
वळणांत दडून बसले असणार.

वरच्या झोपडीच्या रखवालदाराला फोन केला :
जूनअखेर बर्फ असेल का?
"शनिवारी विचारा."
शनिवारी विचारलं.
"आहे तेवढा आहे."

सरावाला मार्चपासून सॅकमध्ये बटाटे भरले.
पाच किलो, सात, मग नऊ.
रोज चर्चच्या टेकडीवर न्यायचे, रोज परत आणायचे.
एप्रिलमध्ये त्यांना कोंब फुटले,
इतकं हिंडूनफिरून आलेले जीव
शिजवायला हात होईना.
परसात लावून टाकले.
आता नवे विकत घेतलेत.

चौतीस दिवस. प्रत्येकापुढे पेन्सिलीनं
मुक्काम, पाणी, चढ, उतार.
तेविसावा तेवढा कोरा आहे.
तिथं नदीच्या काठी एक गाव लागतं,
गावात हिरव्या खिडक्यांचं एक घर,
घरात माझा भाऊ, चिरिल.
वडिलांच्या कुरणावरून बिनसलं, त्याला एकोणीस वर्षं झाली.
एवढ्या काळात त्याचं एकच पत्र आलं,
वकिलामार्फत, रजिस्टर.
माझ्याच खिडकीवर.
मीच तोललं, मीच नोंदलं,
मीच सही करून मलाच दिलं.
तेरा ग्रॅम.

गाव टाळायलाही वाट आहे, कड्यावरून.
नऊशे मीटर जादा चढ, मग तेवढाच उतार.
नकाशावर बोट रोज तिकडून जाऊन येतं,
बोटाला गुडघा नाही.
व्लास्तानं चष्मा लावून दोन्ही वाटा पाहिल्या.
म्हणाली, "वरची वाट सुंदर असेल."
आणि कॉफी ढवळत बसली,
साखर घालत नाही ती, तरी.

काल रात्री सगळं एकत्र ठेवून पाहिलं :
आठ किलो सहाशे. पाणी वेगळं.
काढण्यासारखं काही उरलं नाही.
मग ड्रॉवरमधलं एक पोस्टकार्ड काढलं,
चित्रात आमचंच गाव, रंग जरा भडक.
लिहिलं :
सोळा जुलैला तिकडून जाणार आहे.
खाली नाव. 'तुझी' लिहिलं नाही,
खोडलंही नाही, कारण लिहिलंच नव्हतं.
सवयीनं काट्यावर ठेवलं.
पाच ग्रॅम.

आमच्या गावात आता टपालपेटीसुद्धा नाही.
जवळची खालच्या वस्तीत, चार किलोमीटर,
सगळा डांबरी रस्ता, सरावाला अगदीच निरुपयोगी.
उद्या टेकडी राहू दे.
बटाटे मात्र घेईन पाठीवर.