बारा कोस

ओउलूत नोव्हेंबरात दुपारी तीनलाच अंधारतं.
तुओवी आरशासमोर बसते, भुवया उचलते.
डावी उठते.
उजवी घरातच नाही.

गाठ कानाच्या नसेवर होती, द्राक्षाएवढी.
चेहऱ्याची नस तिच्या अंगावर ताणून पसरलेली,
ओल्या टिश्यू पेपरसारखी, असं सर्जन म्हणाले.
नऊ तास. यंत्र टिकटिकत होतं
तोवर नस जिवंत होती.
शेवटचा कण त्यांनी नसेवरच राहू दिला.
चेहऱ्यासाठी थोडी गाठ सांभाळायची.
कान गेला, त्याबद्दल कुणी फारसं बोललं नाही.
फाइलवर लिहिलं : ग्रेड चार.

तिच्या भाषेत प्रश्न भुवईत असतो.
आईबाप जन्मबहिरे;
बोटांच्या आधी ती चेहऱ्याने बोलायला शिकली.
कोर्टात, प्रसूतिगृहात, बँकेच्या खिडकीपाशी
वीस वर्षं लोकांचे प्रश्न तिने
याच कपाळावरून वाहून नेले.
आता 'तुम्ही तिथे होता का?' विचारायला जावं
तर अर्धं कपाळ म्हणतं :
होता.

रात्री उजव्या डोळ्यात मलम, वर चिकटपट्टी.
पापणी मिटत नाही,
बाकी सगळी ती झोपते.

सिर्पा, फिजिओथेरपीवाली, सांगते : जोर लावू नका.
नसेला हुकूम कळत नाही.

आठव्या महिन्यात गालात मुंगी चालली.
नस परतत होती, दिवसाला मिलिमीटर,
पण अंधारात दारं चुकत :
ओठांकडे निघालेला निरोप
पापणीच्या घरी पोचायचा.
हसायला गेली की डोळा मिटे.
डॉक्टर म्हणाले, हेही चांगलंच. ग्रेड तीन.

रविवारी बाप समोर बसलेला,
आर्मास, वय एक्याऐंशी, स्वेटरवर पावाचा चुरा.
तिने विचारलं : कॉफी?
तो बघत राहिला.
मग हात पुसून, सावकाश, हातांनीच म्हणाला :
ही कुठल्या गावची बोली?

आपल्याकडे म्हणतात,
दर बारा कोसांवर भाषा बदलते.
तिची दोन मिलिमीटरवर बदलली.

ती हसली. उजवा डोळा मिटला.
बापाला वाटलं, पोरीने डोळा मारला.
त्यानेही मारला.

कॉफी ओतायची राहिलीच.